जन्मजात बहुमत आणि नामांतराचा धडा

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, आणि त्या राज्यात एकट्याच्या स्वातंत्र्याला हमी, ही व्याख्या मी नांदेडच्या वर्गात अनेक वर्षे फळ्यावर लिहिली. जॉन स्टुअर्ट मिलचे 'ऑन लिबर्टी' (१८५९) श्रद्धेने शिकवले. एकदा लातूरकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नामांतराच्या वेळी बहुमत कोणाच्या बाजूने होते?" उत्तर देता येईना. म्हणून मिल पुन्हा वाचला आणि त्याच्या शेजारी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) ठेवले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. म्हणजे सभागृहाचे बहुमत आमच्या बाजूने होते. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, नांदेड जिल्हा होरपळला, टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. म्हणजे गावाचे बहुमत आमच्या विरोधात होते. आणि सभागृहाचे बहुमत साडेपंधरा वर्षे गावाच्या बहुमतापुढे मान खाली घालून उभे राहिले.

मिलला बहुमताची जुलूमशाही ठाऊक होती. सरकारपेक्षा समाजाचा दाब अधिक खोलवर जातो, हेही त्याने ओळखले होते. पण त्याचा बंडखोर हा वेगळे मत बाळगणारा माणूस आहे. तो युक्तिवाद करील, आज एकटा असेल, उद्या लोक त्याच्या बाजूला येतील. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा उद्या कोठून मिळणार? बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले: या देशातील बहुमत राजकीय नाही, ते जन्माने ठरते. जे मताने बनले नाही, ते मत पालटून मोडत नाही. उदारमतवादाचा सारा हिशेब येथे चुकतो.

मग नामांतराला विरोध करण्याचा हक्क विरोधकांना नव्हता काय? निश्चित होता. निजामी राजवटीशी झुंजलेले गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते विरोधात होते. प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा मांडणे, लेख लिहिणे, मोर्चा काढणे हा मतभेद आहे, आणि तो आम्ही मानलाच पाहिजे. झोपडी पेटवणे हा मतभेद नव्हे. परंतु पांढरपेशा विचारवंतांनी या दोहोंना 'लोकभावना' या एकाच शब्दात गुंडाळले. ज्याची झोपडी जळाली, तो या 'लोकां'त मोजला गेला होता काय? ज्याने गावकी नाकारली, ज्याचा मुलगा कॉलेजात गेला, त्याला भावना नव्हत्या काय?

नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. बाबासाहेबांचे नाव आले आणि 'मराठवाडा'ही राहिले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली. ज्या नावासाठी नांदेडने प्राण दिले, ते नांदेडच्या मुलांच्या पदवीपत्रावर नाही. यात कोणाचा कट मी पाहत नाही. पण हा इतिहास वर्गात सांगितला जात नाही, याची खंत आहे.

बाबासाहेबांनी १९४७ सालीच सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा, असे मांडले होते. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, आणि तोही मुख्यतः जातपंचायती डोळ्यांपुढे ठेवून. तरीही बाबासाहेबांनी मिलला टाकले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात थोर पुरुषाच्या पायाशी स्वातंत्र्य वाहू नका, हा इशारा त्यांनी मिलच्याच आधाराने दिला. तो इशारा आमच्या चळवळीलाही लागू आहे. आमच्या सभेत वेगळे बोलणाऱ्याला आम्ही खाली बसवतो, तेव्हा आम्हीही एक लहानसे गावच वसवत असतो.

त्या विद्यार्थ्याला आज मी सांगेन: बहुमत दोन होते. एक सभागृहात मोजले गेले, दुसरे गावात जन्मले होते. पहिल्याला दुसऱ्यावर कायद्याचा अंमल बसवता येतो की नाही, यावरच लोकशाहीची परीक्षा व्हायची आहे.