डिस्क, परवाना आणि वहिवाट

'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतींचा व्हिडिओ गेम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. भावाच्या खुनाचा सूड हे त्याचे कथानक बेतास बात. त्याचे खरे वैभव नकाशात होते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आक्रसून एका सलग प्रदेशात बसवलेली होती. पूर्व किनाऱ्यावरून निघालेला खेळाडू पाऊण तासाच्या आसपास पश्चिम किनाऱ्यावर पोहोचे आणि वाटेत शहरे, वाळवंट, बर्फाळ डोंगर कुठेही न थांबता एकातून एक उलगडत जात. शर्यत सोडून नुसते भटकण्यासाठीच हा गेम घेणारे अनेक होते, आणि माझ्या मते त्याचा खरा रस त्यांनाच कळला होता.

३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने भटकायचे असले तरी हा गेम सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. त्यामुळे तो एका दिवसात सर्वांसाठी संपला. पुढे अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. आणि ज्यांनी तो दुकानातून, डब्यात, डिस्कवर घेतला होता? डिस्क त्यांच्या कपाटात आजही आहे. ती यंत्रात घातली तर तो प्रदेश उघडत नाही.

छापील पुस्तक की ई-पुस्तक हा वाद साहित्याच्या वाचकाला परिचयाचा आहे. गेमच्या जगात तोच वाद डिस्क की डाउनलोड असा चालतो, आणि डिस्कच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सूर बहुधा आपल्या ग्रंथसंग्राहकांसारखा असतो: हातात धरता येते ती आपली. या मताबद्दल मला आदर आहे, पण 'द क्रू'च्या उदाहरणापुढे ते टिकत नाही. वस्तू डब्यात आहे की तारेवरून आली, याने मालकी ठरत नाही. ती उघडताना दरवेळी कोणाची तरी परवानगी लागते का, याने ठरते.

ही गोष्ट आजची नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला तेव्हा दुकानातून डिस्क आणणाऱ्यालाही ती चालू करण्यासाठी व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या सेवेवर खाते उघडावे लागे. म्हणजे डबा ग्राहकाचा आणि किल्ली कंपनीची, ही व्यवस्था वीस वर्षांपूर्वीच रुजली होती. २०२५ मध्ये निन्टेंडोच्या 'स्विच २' या यंत्राबरोबर ती टोकाला गेली. त्याच्या काही गेमच्या कार्डांत गेमच नसतो, तो उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. ते कार्ड दुसऱ्याला देता येते, विकता येते. पण उतरवून देणारा सर्व्हर असेल तोवरच.

उलट बाजूही पाहावी. 'गॉग' या पोलिश दुकानातून घेतलेला गेम पूर्णपणे डिजिटल असतो, पण त्याची फाइल कुलपाशिवाय मिळते. ती स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवली की दुकान बुडाले तरी गेम चालतो. कागदोपत्री तिथेही ग्राहकाला परवानाच मिळतो. पण ताबा त्याचा राहतो.

मालकी आणि ताबा यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आणि जमीन कसतो कोण, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. १९४८ च्या कुळकायद्याने निदान एवढे मान्य केले की वर्षानुवर्षांच्या वहिवाटीतून काही हक्क निर्माण होतो आणि मालकाच्या लहरीवर कूळ हुसकता येत नाही. गेम घेणाऱ्याची अवस्था त्या कुळाहूनही कच्ची आहे. त्याने पूर्ण किंमत एकरकमी मोजलेली असते, शेकडो तासांची वहिवाट असते आणि तरीही हुसकावले गेल्यावर दाखवायला हातात काही नसते.

न्यायालयांनी या प्रश्नाला हात घातला आहे, पण एकसारखा नाही. पुस्तक एकदा विकले की त्याच्या पुनर्विक्रीवर प्रकाशकाचा अंकुश राहत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच मान्य केले. रद्दीची आणि जुन्या पुस्तकांची दुकाने अशाच तत्त्वावर उभी असतात. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कायमच्या वापरासाठी पैसे मोजून डाउनलोड केलेले सॉफ्टवेअरही पुन्हा विकता येईल असे म्हटले, तेव्हा दार उघडल्यासारखे वाटले. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांच्या बाबतीत ते लावून घेतले. स्टीमवरील गेम पुन्हा विकता यावेत असा निकाल पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्येच दिला होता. २०२२ मध्ये तो अपिलात फिरला. कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२५ पासूनचा कायदा एवढेच म्हणतो की परवाना देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना तसे स्पष्ट सांगा. हा कायदा शब्दांच्या प्रामाणिकपणाचा आहे. हक्क त्याने कोणाला दिला नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सर्व्हर चालवायला पैसा लागतो. खऱ्या मोटारींची आणि गाण्यांची वापरपरवानगी मुदतीची असते. छोट्या मंडळींचे गेम डिजिटल दुकानामुळेच जगात पोहोचले, डिस्क छापण्याची त्यांची ऐपत नव्हती. हे सारे मान्य. पण सर्व्हर बंद करणे निराळे आणि एकट्याने खेळण्याची वाटही बंद ठेवणे निराळे. ओरड झाल्यावर 'द क्रू २' सर्व्हरविना खेळता येईल असे युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, म्हणजे ही वाट काढता येत होती. 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेची मागणीही एवढीच आहे: बंद करा, पण खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा. तिच्या युरोपातील अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

समीक्षक म्हणून माझी चिंता मात्र ग्राहकहक्काच्या पलीकडची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये हिदेओ कोजिमा यांचा 'पी. टी.' हा छोटासा भयगेम प्लेस्टेशन ४ वर फुकट उपलब्ध झाला. घरातला काटकोनात वळणारा एक बोळ, टोकाला दार. दार उघडले की पुन्हा तोच बोळ. प्रत्येक फेरीत काहीतरी हललेले असते: रेडिओवरचा आवाज, दिवा, भिंतीवरची चौकट, न्हाणीघराचे किलकिले दार. भीती येते ती त्या ओळखीच्या जागेतून, राक्षस क्वचितच दिसतो. पुढच्या अनेक भयगेमांवर त्याची छाया आहे. एप्रिल २०१५ मध्ये कोनामी कंपनीने तो दुकानातून काढला, आणि ज्यांनी पूर्वी घेतला होता त्यांनाही तो पुन्हा उतरवता येईना. ज्यांच्या यंत्रात तो राहिला होता ती यंत्रे लिलावात चढ्या किमतीला विकली गेली.

फुकट दिलेले परत घेतले तर तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. ग्राहकाची तक्रार नसेलही. पण आज 'पी. टी.'वर लिहिणारा बहुतेक दुसऱ्याने खेळताना केलेले चित्रीकरण पाहून लिहितो. बोळात वळायचे की थांबायचे, मागे पाहायचे की नाही, हा निर्णय त्याचा नसतो, आणि हा गेम त्या निर्णयातच घडतो. नाटकाचे छायाचित्र पाहून नाटकाची समीक्षा करावी तशी ही गत आहे. माझे निरीक्षण कोणाला पटले नाही तर त्याने संहितेकडे जाऊन मला खोटे ठरवावे, हा समीक्षेचा साधा व्यवहार आहे. इथे संहितेकडे जाण्याची वाटच नाही.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. त्यांपैकी जे काही अभ्यासकांच्या हाती लागते ते जुन्या कार्ट्रिज, डिस्क जपणाऱ्या हौशी लोकांमुळे. डिस्कचा एवढा गुण मी निःसंकोच मानतो. पण आजचे गेम त्या मार्गानेही उरणार नाहीत, कारण विक्रीच्या पहिल्याच दिवशी दुरुस्तीची भलीमोठी फाइल उतरवावी लागते आणि डिस्कवर असतो तो पुष्कळदा कच्चा खर्डा.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९९२ च्या कायद्यापासून पुस्तकांप्रमाणे गेमचीही प्रत जमा होते. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईसह आणखी तीन शहरांतील ग्रंथालयांकडे प्रत पाठवावी लागते. पण तो कायदा पुस्तकांचा आणि वृत्तपत्रांचा आहे. पुण्या-मुंबईत, बंगळुरात आज गेम तयार होत आहेत. त्यांची एक चालणारी प्रत, सर्व्हरविना उघडेल अशी, कुठे जमा करायची याची तरतूद त्यात नाही.