पाश्चात्त्य संगीतातील स्वरलेखन व उत्स्फूर्त रचना

पाश्चात्त्य संगीताचा इतिहास सामान्यतः एकपदरी गायनाकडून बहुपदरी रचनेकडे झालेली प्रगती म्हणून सांगितला जातो. हे विवेचन चुकीचे नाही; परंतु ते एकांगी आहे. या प्रगतीचा पाया स्वरलेखन हा होता आणि लेखनाने जे मिळवून दिले त्याचे मोल गायक-वादकांच्या उत्स्फूर्त निर्मितीला द्यावे लागले, ही बाजू त्यात बहुधा दुर्लक्षित राहते.

मध्ययुगीन चर्चमधील ग्रेगरियन गायन एकपदरी होते. परंपरेने ते पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याच्या नावाशी जोडले जाते, मात्र त्याचे ज्ञात रूप आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक राजांच्या आश्रयाने सिद्ध झाले, असे बहुतेक संशोधक मानतात. नवव्या शतकापासून आढळणारी ‘न्यूम’ ही चिन्हे स्वर चढतो की उतरतो एवढेच सुचवीत. ज्याला चाल पाठ आहे त्यालाच त्यांचा उपयोग होई. अकराव्या शतकात ग्वीदो दारेत्सो या इटालियन भिक्षूने चिन्हांना रेषांची निश्चित चौकट दिली. एका लॅटिन स्तोत्रातील चरणखंडांच्या आद्य अक्षरांवरून उत्, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामेही त्याने रूढ केली. पूर्वी कधीही न ऐकलेली चाल केवळ पाहून गाता येऊ लागली, ही घटना क्रांतिकारक होय. पॅरिसच्या नोत्रदाम चर्चशी संबंधित पेरोतँ याने बाराव्या शतकाच्या अखेरीस चार पदरांच्या रचना केल्या, तर कोलोनच्या फ्रँकोने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिन्हाच्या आकारावरून स्वराचे कालमान ठरविण्याची पद्धती मांडली. १५०१ मध्ये पेत्रुच्ची याने व्हेनिस येथे बहुपदरी संगीत सुट्या खिळ्यांनी छापले आणि लिखित रचना यूरोपभर पसरू लागली.

तथापि वादक लगेच केवळ आज्ञाधारक झाला नाही. सतराव्या शतकात रचनाकार खर्जाची ओळ लिहून तिच्यावर अंक देत असे. त्यांवरून वरचे स्वर भरण्याचे काम हार्प्सिकॉर्डवादक आयत्या वेळी करी. संथ भागांतील अलंकरणही कलावंतावर सोपविलेले असे. योहान झेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) हे सारे अलंकार स्वतःच लिहून टाकतो, अशी तक्रार शायबं या समीक्षकाने १७३७ मध्ये केली होती. आज जो बाखचा काटेकोरपणा वाटतो, तो समकालीनांना वादकाच्या अधिकारावरील अतिक्रमण वाटला. त्याच बाखने १७४७ मध्ये पॉट्सडॅम येथे राजा दुसरा फ्रीड्रिख याने दिलेल्या स्वरविषयावर तत्काळ फ्यूग वाजवून दाखविला. त्या विषयावरील सहा पदरांचा फ्यूग मात्र त्याने घरी परतल्यावर लिहून पाठविला. बोटांची झेप आणि लेखणीची झेप यांतील अंतर इतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

बेथोव्हन (१७७०–१८२७) व्हिएन्नात उत्स्फूर्त पियानोवादनासाठी विख्यात होता. असे असूनही १८०९ मधील आपल्या पाचव्या पियानो-कॉन्चेर्तोमध्ये, वादकाने स्वैर विस्तार करावयाच्या पारंपरिक जागी, तसे काही न करण्याची सूचना त्याने लिहून ठेवली. एकोणिसाव्या शतकात रचना ही पूज्य, अपरिवर्तनीय कृती ठरली. सिंफनीसारखी विराट वास्तू या शिस्तीशिवाय उभी राहिली नसती, हे मान्य केलेच पाहिजे. उत्स्फूर्त रचनेची विद्या प्रामुख्याने चर्चमधील ऑर्गनवादकांनी जतन केली.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविलेले जॅझ हे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. गुलामगिरीतून आलेली आफ्रिकी लयपरंपरा, ब्लूज, धार्मिक गीते, बँडपथकांची वाद्ये आणि यूरोपीय स्वरसंवाद यांचा त्यात मेळ आहे. त्याच्या अगोदरचे रॅगटाइम छापील होते. स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ ही रचना १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. लुई आर्मस्ट्राँगने (१९०१–७१) मात्र १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेच्या प्रारंभी एकट्या ट्रंपेटवर जो विस्तार केला, त्यात वादक पुन्हा रचनाकार झालेला दिसतो. चार्ली पार्करने (१९२०–५५) प्रचलित गीतांचा स्वरसंवादी सांगाडा ठेवून त्यावर सर्वस्वी नव्या धुना उभारल्या. जॅझची आपल्या आलापी-तानांशी सरसकट तुलना केली जाते, ती सैल आहे : रागविस्तारात षड्जाचा आधार अचल असतो, पार्करच्या पायाखालची जमीन दर एक-दोन मात्रांनी बदलते. शिवाय जॅझ लेखनविरोधी आहे, हाही गैरसमजच होय. ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) आपल्या वृंदातील विशिष्ट वादकाचा स्वनगुण मनात धरून रचना लिहीत असे.

लेखन आणि उत्स्फूर्तता एकाच हातात नांदू शकतात, याचे उदाहरण मुंबईत आढळते. लिऑन ॲबीचा वृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हा गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक शहरात होते. त्यांच्यापैकी काहींनी जॅझ आत्मसात केले. पुढे हिंदी चित्रपटांसाठी संगीतकाराने गाऊन दाखविलेली चाल कागदावर उतरविण्याचे कामही गोमंतकीय वादकच करीत. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले.

ध्वनिमुद्रणाने या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. क्षणाबरोबर विरून जाणारा विस्तार तबकडीवर कायम झाला, तो पुन्हापुन्हा ऐकून विद्यार्थी स्वरलिपीत उतरवू लागले, आणि पार्करने आयत्या वेळी सुचलेल्या ओळी आज संगीतविद्यालयांतून छापील पानावरून गिरविल्या जातात.