एरंडोलची किल्ली

पांडववाडा की जुम्मा मशीद, या वादाचे कागद वाचताना माझे लक्ष पुराव्यांपेक्षा भाषेकडेच जाते. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा, ही गावाची जुनी समजूत. जवळच्या पद्मालयाला भीम-बकासुराची कथा चिकटलेली. वास्तूवरचा दावा मात्र थेट नमाजापर्यंत पोचला. ११ जुलै २०२३ रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी तेथील नमाजावर निर्बंध घातले, १८ जुलैला औरंगाबाद खंडपीठाने त्याला स्थगिती दिली.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशद्वाराची किल्ली नगरपरिषदेकडे ठेवली. परिषदेच्या माणसाने पहाटेच्या नमाजाआधी दार उघडायचे. दावे-प्रतिदाव्यांत पांडव आहेत, बादशहा आहेत. एरंडोलचा माणूस मला भेटतो तो या कोरड्या वाक्यात. अंधारात उठून किल्ली शोधणारा. त्याचा धर्म आदेशात लिहिलेला नाही, आणि मला हे वाक्य म्हणूनच मोलाचे वाटते.

खूप वर्षांपूर्वी एरंडोलच्या एसटी स्टँडवर मी ‘पांडववाडा कुठे?’ विचारले होते. टोपीवाल्या चाचांनी हात करून रस्ता दाखवला. नावाला ते अडखळले नाहीत. परवा तिथेच उतरलो. प्रश्न तोच होता, पण समोरचा कोण हे आधी पाहून घेतले आणि नुसतेच विचारले, ‘ती जुनी इमारत कुठे?’