‘सुंदर जपानचा मी’ : जपानीचे अध्ययन आणि मध्यस्थ भाषा

कावाबाता यासुनारी यांनी 1968 साली नोबेल पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे मूळ शीर्षक ‘उत्सुकुशिई निहोन नो वाताशि’ असे आहे. एडवर्ड साइडनस्टिकर यांनी इंग्रजीत त्याचे ‘जपान, द ब्यूटिफुल अँड मायसेल्फ’ असे रूपांतर केले. ‘जपान’ आणि ‘मी’ यांच्यामध्ये आलेले ‘आणि’ मूळ शीर्षकात नाही. तेथे ‘नो’ हा संबंधदर्शक निपात आहे आणि त्याचे कार्य मराठीतील षष्ठीच्या ‘चा-ची-चे’ या प्रत्ययांशी बऱ्याच अंशी जुळते. इंग्रजीला ‘जपानचा मी’ ही रचना सहज पेलत नाही. त्यामुळे एकाच्या पोटात दुसरे असलेली ही दोन पदे तेथे शेजारी शेजारी मांडली गेली. मराठीत मात्र ‘सुंदर जपानचा मी’ असे म्हणता येते. इतकेच नव्हे, तर ‘सुंदर’ हे अविकारी विशेषण असल्याने ते जपानचे की जपानच्या ‘मी’चे, हा मुळातील अनिर्णयही टिकून राहतो. ‘चांगला’सारखे विकारी विशेषण असते तर त्याच्या रूपानेच तो प्रश्न निकालात निघाला असता. अर्थात मराठीचीही येथे अडचण होतेच. ‘वाताशि’ला लिंग नाही, मराठीला ‘चा’ किंवा ‘ची’ यांतून निवड करावीच लागते.

व्याकरणातील या लहानशा तपशिलामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. पुणे, दिल्ली किंवा शांतिनिकेतन येथे जपानी शिकणारा विद्यार्थी ती भाषा बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकतो. व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजीत, हाताशी असलेला शब्दकोश जपानी-इंग्रजी, समीक्षाही इंग्रजीतली. परिणामी जपानीत ‘अवघड’ काय, ‘गूढ’ काय आणि ‘खास जपानी’ काय, हे इंग्रजीला काय अडते यावरून ठरते; आणि जे मराठीला मुळीच अडत नाही तेही मराठी विद्यार्थी गूढ म्हणून पाठ करतो.

या मध्यस्थ भाषेला स्वतःचा इतिहास आहे. इंग्रजीतील आधुनिक जपान-अध्ययनाची एक मोठी पिढी दुसऱ्या महायुद्धात घडली. डोनाल्ड कीन आणि साइडनस्टिकर हे दोघेही अमेरिकी नौदलाच्या जपानी भाषाशाळेत तयार झाले. रूथ बेनेडिक्ट यांचा ‘द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड’ (1946) हा ग्रंथ युद्धकालीन सरकारी अभ्यासातून उभा राहिला, आणि त्यांनी जपान पाहिलेला नव्हता. 1958 च्या संरक्षण-शिक्षणविषयक कायद्यानंतर अमेरिकी विद्यापीठांतून अशा भाषांना राष्ट्रीय निकड म्हणून निधी मिळू लागला. त्याच दशकात क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने तानिझाकी, कावाबाता, मिशिमा यांची भाषांतरे प्रसिद्ध केली आणि हळवा, निसर्गलीन, नाहीसा होत चाललेला जपान ही प्रतिमा वाचकांच्या मनात रुजवली. कालचा शत्रू नवा मित्र होत असताना ही प्रतिमा किती सोयीची होती, याकडे एडवर्ड फाउलर यांनी 1992 साली लक्ष वेधले. एडवर्ड सईद यांच्या प्राच्यवादाच्या मीमांसेत जपान जवळजवळ येत नाही. पण ज्ञान आणि सत्ता यांच्या ज्या संबंधाचे त्यांनी विवेचन केले, त्याचे उदाहरण म्हणून हे अभ्यासक्षेत्र पुरेसे बोलके आहे.

प्रतिमेचा हा प्रश्न शेवटी वाक्यरचनेपर्यंत पोहोचतो. कावाबातांच्या ‘युकिगुनि’ या कादंबरीचे सुप्रसिद्ध पहिले वाक्य कर्त्याशिवाय आहे. बोगदा पार होतो आणि हिमप्रदेश लागतो. कोण पार करते, हे मूळ वाक्य सांगत नाही. साइडनस्टिकरांच्या 1956 च्या भाषांतरात तेथे ‘आगगाडी’ हा कर्ता येतो, आणि वाचक डब्यातून उतरून दूरवरून गाडीकडे पाहू लागतो. इंग्रजीत कर्ता अपरिहार्य असल्याने हा दोष भाषांतरकाराचा नव्हे. तथापि अध्यापनात मात्र या ‘गाळलेल्या’ कर्त्याला जपानी मनाच्या अहंविलोपाचे, झेनच्या शून्यतेचे लक्षण मानण्याची रीत पडून गेली आहे. मराठीत ‘घाट ओलांडल्यावर पाऊस लागला’ असे म्हणणारा माणूस कोणत्याही शून्यतेचा साधक नसतो. जे मुळात घातलेलेच नाही ते ‘गाळले’ कसे म्हणता येईल? कर्ता गाळला जातो ही भाषाच इंग्रजी व्याकरणाची आहे.

लिपी आणि छंद यांबाबतही हेच घडते. जपानी कानाक्षरांची कोष्टके विद्यार्थी घोकून पाठ करतात. परंतु त्यांचा क्रम — अ, इ, उ, ए, ओ आणि क, स, त, न, ह, म, य, र, व — सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे संस्कृत वर्णमालेच्या संस्कारातून आलेला आहे, हे अभावानेच सांगितले जाते. वर्णमाला जाणणाऱ्याला येथे एक शोध आपोआप लागू शकतो. ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्ये, जेथे पवर्ग अपेक्षित आहे, तेथे ‘ह’ कसा? कारण प्राचीन जपानीत या ओळीचा उच्चार ‘प’ असा होता. ध्वनिपरिवर्तनाचा एक संपूर्ण धडा या कोष्टकात पडून आहे.

हायकूच्या सतरा घटकांना इंग्रजीत ‘सिलेबल’ म्हणण्याची प्रथा पडली. ते सिलेबल नव्हेत. ‘तोऽक्योऽ’ या शब्दाची गणना जपानीत चार होते, कारण दीर्घ स्वराचे दोन धरतात; अन्त्य अनुनासिकही स्वतंत्र मोजतात. मात्रावृत्ताची सवय असलेल्या कानाला हे समजावून द्यावे लागू नये, जरी दोन्हीकडची मात्रा तंतोतंत एक नसली. शिवाय हायकू जपानीत सामान्यतः एकाच उभ्या ओळीत छापला जातो. तीन ओळी ही मुख्यतः भाषांतरांनी रूढ केलेली मांडणी. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत हायकू रुजला, त्याला स्वतःची प्रकृती लाभली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तीन ओळी हेच हायकूचे जन्मलक्षण मानणाऱ्या मराठी चर्चेने मध्यस्थाचा वेष मूळ देह म्हणून स्वीकारला आहे, हेही म्हणायला हवे.

अभ्यासक्रमांच्या रचनेत या प्रश्नांना जागा कितपत आहे? 1984 मध्ये सुरू झालेली जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, जी 2010 पासून पाच स्तरांत घेतली जाते, पर्याय निवडण्यावर उभी आहे. तीत निबंध नाही, संभाषण नाही. ‘मिन्ना नो निहोंगो’ या बहुप्रचलित पाठ्यपुस्तकातील प्रमुख पात्र कंपनीतला नोकरदार आहे. उद्योगांना दुभाषे हवेत आणि त्यांना रोजगार मिळतो, यात गैर काही नाही. मात्र अशा पाठ्यक्रमात ‘संस्कृती’ चहाविधी, पुष्परचना आणि वाकून नमस्कार एवढ्यापुरती उरते. भाषेच्या तासाला तिचा संबंध लागत नाही.

यावर ‘आशियाई आत्मीयता’ हा उतारा सुचवला जाण्याचा संभव आहे. तो अधिक घातक ठरेल. ओकाकुरा काकुझो यांनी 1903 साली मांडलेली आशियाच्या एकत्वाची कल्पना पुढे जपानी साम्राज्यविस्ताराच्या कामी आली. रवींद्रनाथांनी 1916 च्या जपानभेटीतच तेथील राष्ट्रवादाविरुद्ध इशारा दिला होता. ओनो सुसुमु यांनी तमिळ आणि जपानी यांचे नाते सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, तो बहुतेक भाषावैज्ञानिकांनी मान्य केलेला नाही. वाक्यरचनेतील साम्य हे रक्ताचे नाते नव्हे. आदरार्थी रूपांतच पाहावे : स्वतःच्या क्रियेला पद्धतशीर लघुत्व देणारी जपानी क्रियापदे मराठीच्या ‘आपण-तुम्ही’च्या आवाक्याबाहेरची आहेत. मराठीतून जपानीकडे पाहण्याचा लाभ साम्यात जितका आहे तितकाच नेमके कोठे अडते हे कळण्यात आहे, आणि इंग्रजीतून पाहताना या अडण्याच्या जागा भलतीकडेच दिसतात.

ओए केन्झाबुरो यांनी 1994 च्या नोबेल व्याख्यानाला ‘आइमाइ ना निहोन नो वाताशि’ असे शीर्षक देऊन कावाबातांना उत्तर दिले. ‘आइमाइ’ या एका जपानी शब्दात अस्पष्टता आणि द्व्यर्थता दोन्ही सामावतात. ओएंना त्यांत भेद करायचा होता : कावाबातांचा जपान अस्पष्ट, आपला दुभंगलेला आणि म्हणून द्व्यर्थी. हा भेद करण्यासाठी ते इंग्रजी शब्दांकडे वळले. संदिग्धत्वाला दोष आणि श्लेषाला अलंकार मानणाऱ्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या भेदाचे अप्रूप वाटू नये. पण जपानी लेखकालाच स्वतःच्या भाषेविषयी बोलताना परभाषेचा आधार लागला, ही बाब महत्त्वाची आहे. इंग्रजीचा पडदा दूर केला की मागे निर्मळ जपान उभा असेल, ही अपेक्षा येथे कोसळते. कारातानी कोजिन यांनी आधुनिक जपानी साहित्याच्या उगमाविषयीच्या 1980 च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, ज्या बोलीनिष्ठ गद्यात जपानी कादंबरीचा ‘मी’ अवतरला ते गद्यही घडवलेले आहे. फुताबातेई शिमेई यांची ‘उकिगुमो’ ही कादंबरी 1887 पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिचा काही भाग त्यांनी आधी रशियनमध्ये लिहून मग जपानीत आणला. ‘यमुनापर्यटन’पासून भाषांतराच्या सावलीत घडत गेलेल्या मराठी गद्याचा अभ्यासक हे वाचतो, तेव्हा त्याच्यासमोर तुलनेचा एक प्रदेश खुला होतो, आणि त्याकरिता लागणारी दोन्ही भाषांतील मूळ पुस्तके वाचता येतील एवढी जपानी पदव्युत्तर विद्यार्थ्याला यावी, ही मागणी अवास्तव नाही.