नाम, क्रमांक आणि प्रमाण : युनिक्समधील मध्यवर्ती खातेव्यवस्थेचे परीक्षण

युनिक्स प्रणालीची अनेक यंत्रे एका जाळ्यात जोडलेली असता त्या सर्वांवरील वापरकर्त्यांची खाती एका ठिकाणाहून कशी सांभाळावीत, हा प्रश्न सामान्यतः निव्वळ व्यवस्थापनाचा मानला जातो. वस्तुतः तो प्रथम संकेताचा प्रश्न आहे. आणि त्या दृष्टीने पाहिले असता या क्षेत्रातील प्रसिद्ध रचनांचे गुणदोष अधिक स्पष्ट होतात.

युनिक्स फाइलीच्या मालकाची नोंद नावाने ठेवीत नाही, क्रमांकाने ठेवते. कोणता क्रमांक कोणाचा, हे सांगणारा कोश म्हणजे पासवर्ड फाइल. नैयायिकांनी शब्दार्थसंबंध संकेतमूलक मानला. येथील नाम-क्रमांक-संबंधही तसाच आहे. यंत्र एकच असेल तर संकेतही एकच राहतो. परंतु सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या एनएफएसमुळे एका यंत्रावरील फाइली दुसऱ्यावर दिसू लागल्या, त्या मालकाच्या क्रमांकासह. १२५ हा क्रमांक एका यंत्रावर अध्यापकाचा व दुसऱ्यावर विद्यार्थ्याचा असेल, तर अध्यापकाने सिद्ध केलेल्या प्रश्नपत्रिकेचा मालक दुसऱ्या यंत्राच्या लेखी तो विद्यार्थी ठरतो.

यावर त्याच कंपनीने १९८५ च्या सुमारास 'यलो पेजेस' ही व्यवस्था योजिली. कोशाची प्रमाण प्रत एका मुख्य यंत्रावर ठेवावयाची व इतरांनी तीवरून अर्थ लावावयाचा, असे तिचे स्वरूप होते. हे नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह असल्याने पुढे 'नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस' असे नामांतर झाले. मात्र आज्ञांच्या आरंभीची 'वायपी' ही अक्षरे, स्थलनामात जुना शब्द टिकून राहावा तशी, टिकून राहिली.

संकेताला प्रमाणरूप देणे हा या रचनेचा निःसंशय गुण होय. तिचा दोष असा की, नाव कळणे आणि ओळख पटणे या दोन भिन्न व्यापारांची तिने गल्लत केली. पासवर्ड फाइल सर्वांना वाचता येणे अवश्य होते; कारण फाइलींची यादी दाखविणाऱ्या साध्या आज्ञेलाही क्रमांकावरून नाव शोधावे लागते. पण त्याच ओळीत परवलीच्या शब्दाचे कूटरूपही असे. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते की, त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द फार आखूड तरी होते किंवा शब्दकोशात सापडणारे तरी. असे कूटरूप विचारणाऱ्यास जाळ्यावरून मिळू लागले, म्हणजे एका यंत्राचे दौर्बल्य साऱ्या जाळ्याचे झाले.

एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पाने हा भेद ओळखला. तेथे नावांची माहिती 'हेसिअड'ने द्यावयाची आणि ओळखीचे प्रमाण 'कर्बेरॉस'ने. कर्बेरॉसमध्ये परवलीचा शब्द जाळ्यावरून जातच नाही. त्या शब्दापासून घडविलेल्या किल्लीने बंद केलेले उत्तर येते, व ज्याला शब्द ठाऊक आहे त्यालाच ते उघडता येते. पुढील व्यवहार ठरावीक मुदतीच्या तिकिटांवर चालतो.

ही रचना निर्दोष आहे असे नव्हे. तिला सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली लागतात, आणि सहज तर्क करता येईल अशा शब्दाला तीही तारू शकत नाही. परंतु तिने केलेला विवेक टिकला. मिशिगन विद्यापीठात उगम पावलेल्या एलडॅपमध्ये नावे आणि कर्बेरॉसमध्ये प्रमाण, ही जोडी आज अनेक संस्थांत रूढ आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००० सालच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतही हीच दोन अंगे एकत्र नांदतात.

तथापि मूळ संकेताची जबाबदारी कोणतीही रचना माणसाच्या खांद्यावरून उतरवीत नाही. संस्था सोडून गेलेल्याचा क्रमांक नवागताला दिला, तर मागे राहिलेल्या फाइली त्याच्या मालकीच्या ठरतात. यंत्राच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नसते. म्हणून एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्यास न देणे, हा नियम मध्यवर्ती खातेव्यवस्थेत सर्वांत साधा, आणि सर्वांत आधी पाळावयाचा आहे.