ग्रेस हॉपर : आख्यायिका आणि चरित्र

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी अमेरिकेच्या नौदलात दाखल झालेल्या आणि पुढे रिअर अ‍ॅडमिरलच्या हुद्द्यास चढलेल्या ग्रेस हॉपर (१९०६–१९९२) यांच्याविषयी आपल्याकडील वाचकास ठाऊक असलीच तर बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते. गणकयंत्रात एक पतंग सापडला, त्यावरून यंत्रातील दोषास ‘बग’ म्हणजे किडा म्हणू लागले, आणि हा शब्द या बाईंनी दिला, अशी ती गोष्ट होय. गोष्ट चटकदार खरी. पण तिच्यातील तथ्यांश थोडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड येथील मार्क दोन या यंत्राच्या रिलेमध्ये पतंग सापडला व तो नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. परंतु हा किडा ‘प्रत्यक्ष’ सापडला असा जो विनोद त्या नोंदीत आहे, तो शब्द आधीच रूढ असल्यावाचून संभवतच नाही. एडिसनने १८७८ सालीच तो योजला होता. शिवाय पतंग काढणारा हातही बाईंचा नव्हे. त्यांनी हा किस्सा पुढे जन्मभर रंगवून सांगितला, एवढेच.

किस्से हे चरित्राचे अलंकार असतात तोवर आमची तक्रार नाही. ते चरित्रनायिकेच्या कार्याची जागा घेऊ लागले, म्हणजे मात्र टीकाकारास बोलणे भाग पडते. हॉपरबाईंवर कॅथलीन ब्रूम विल्यम्स (२००४) आणि कर्ट बायर (२००९) यांचे विचारपूर्वक लिहिलेले ग्रंथ आहेत. त्यांपैकी बायर यांचा ग्रंथ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी बाईंना एकाकी प्रतिभावती म्हणून न रंगवता सहकाऱ्यांच्या मेळ्यात उभे केले आहे, आणि युद्धोत्तर काळातील त्यांचे मद्यपान व मनाचे खचणेही झाकून ठेवलेले नाही. तथापि त्यांची दृष्टी प्रामुख्याने नवशोधाच्या इतिहासकाराची आहे. त्यांनी जमविलेली सामग्री वाचताना आमच्यासारख्या अध्यापकांस जे जाणवते ते वेगळे : हे मूलतः एका शिक्षिकेचे आणि लेखिकेचे चरित्र आहे.

बाई १९३१ पासून पोकिप्सी येथील व्हॅसर महाविद्यालयात गणित शिकवीत. (याच पोकिप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी विसावल्या आहेत. मराठी वाचकास ते गाव अगदीच परके नाही.) संभाव्यतेच्या वर्गात त्या विद्यार्थिनींना गणिती सूत्रावर निबंध लिहावयास लावीत आणि त्यातील इंग्रजीच्याही चुका काढीत. मुली कुरकुरत, की हा वर्ग गणिताचा, भाषेचा नव्हे. बाईंचे म्हणणे असे की, जे दुसऱ्यास सांगता येत नाही ते गणित शिकून उपयोग काय? आमच्या मते त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचे बीज या एका वादात आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलातील स्त्रीविभागात दाखल झाल्या. वय ३७, वजन नियमाहून १५ पौंडांनी कमी, म्हणून खास सवलत घ्यावी लागली. पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते. पण नातीस जहाज मिळाले नाही. प्रशिक्षणवर्गात पहिली येऊन जुलै १९४४ मध्ये ती रुजू झाली हार्वर्डच्या एका तळघरात, ५१ फूट लांब व ८ फूट उंच अशा मार्क एक या यंत्रापाशी. तेथील प्रमुख हॉवर्ड एकन यांनी यंत्रावर ग्रंथ लिहिण्याची आज्ञा दिली. आपण कधी ग्रंथ लिहिला नाही, असे बाईंनी सांगून पाहिले; नौदलात आज्ञेस असे उत्तर नसते. रोज लिहिलेली पाने एकनना वाचून दाखवावी लागत. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाचशेहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथावर कर्ता म्हणून नाव आहे ते प्रयोगशाळेच्या कर्मचारिवर्गाचे. पतंगामागे बाईंचे नाव सर्वत्र लागले, आणि ज्या ग्रंथात त्यांनी आपला घाम गाळला त्याच्या मुखपृष्ठावर ते नाही! चरित्रवाङ्मयास याहून बोलका पुरावा कोणता हवा?

येथेच आणखी एका जागी चरित्रकाराने थांबले पाहिजे. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एक कठीण गणित याच यंत्रावर करवून घेतले. ते अणुबाँबच्या अंतःस्फोटाचे होते. ज्यांनी ते यंत्रावर चढविले त्यांना त्याचा अंतिम उपयोग सांगितलेला नव्हता. एरवी प्रत्येक गोष्टीचे ‘का’ विचारणाऱ्या शिक्षिकेने हे न विचारता केलेले काम आहे. ते झाकण्याची गरज नाही, आणि त्यावरून नायिकेस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचीही नाही. पण ते ओलांडून पुढे जाणारे चरित्र आम्ही अपुरे समजतो.

काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले तेव्हा त्यांची पत्रेही सोबत छापली. त्यामुळे चरित्रकर्त्रीच्या मताच्या बाजूस नायिकेचा स्वतःचा आवाज राहिला. हॉपरबाईंच्या बाबतीत तो आवाज त्यांच्या व्याख्यानांत, दीर्घ मुलाखतींत आणि त्या रूक्ष भासणाऱ्या ग्रंथात आहे. सुभाषितांच्या संग्रहात नाही.

१९४९ मध्ये बाई फिलाडेल्फियातील एका गणकयंत्राच्या कंपनीत गेल्या. यंत्रास आज्ञा आकड्यांऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत देता याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९५९ साली आकारास आलेल्या कोबोल या भाषेच्या मुळाशी त्यांचे हेच काम आहे. यंत्राला शब्द म्हणजे केवळ खुणा, त्या कोणत्याही भाषेतल्या असू शकतात, हे दाखविण्यासाठी त्यांनी त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतही लिहून वरिष्ठांपुढे ठेवल्या. हाही किस्साच, आणि बाईंनीच सांगितलेला. पण तो त्यांच्या कामाच्या गाभ्यातून निघालेला आहे. अमेरिकेत घडविलेल्या यंत्रास परकी भाषा समजेलच कशी, असे म्हणून वरिष्ठ बिथरले. आणि हे यंत्र इंग्रजीतच चालेल अशी त्यांची समजूत घालण्यात बाईंचे कित्येक महिने गेले.