संतामायची सही

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. तेव्हापासून त्याविषयी जे लिहिले गेले त्यात बाप फार आहे. बापाचे नाव, बापाची जात, बापाने नाकारलेले पोर. आत्मकथनाचा दाह तिथेच आहे, हे मान्य. पण हे पोर जगले कुणाच्या जिवावर, हा साधा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरला त्याला वाढवले संतामायने, म्हणजे आजीने, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान दादाने. दादाचे तर त्याच्याशी ना रक्ताचे नाते, ना जातीचे.

शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे धुऊन संतामाय भाकरी करते, ती स्वतः खाते आणि नातवाला चांगली देते. हा प्रसंग आपण भुकेचा पुरावा म्हणून सभांतून सांगत आलो. पण इथे एक म्हातारी घरातली भूक वाटते आहे आणि मोठा वाटा स्वतःकडे घेते आहे. पालकत्व ते हेच. मातृत्वाची पूजा बांधणाऱ्या प्रस्थापित समीक्षेला ते दिसले नाही. आणि आपण 'वेदना' हा शब्द लिहून पुढे गेलो.

शिष्यवृत्तीच्या कागदावर सही हवी तेव्हा सरपंच अडतो. याची जात कोणती धरायची? वाढवणारी माणसे जितीजागती आहेत, कागदाला ती दिसत नाहीत.

आज वैरागच्या एखाद्या आजीने नातवासाठी अर्ज करायचा म्हटला तर बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिला सावित्रीबाईंचे नाव आहे आणि मुलामागे दरमहा २,२५० रुपये. आधी १,१०० होते. मोलमजुरीच्या घरात ही रक्कम थोडी नव्हे. पण दाखले, गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. वैरागचा तालुका बार्शी, समिती सोलापूरला. प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. मेलेल्या बापाचा दाखला मिळतो, निघून गेलेल्याचा कुठून आणायचा? आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरे दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जी आजी सांभाळते, तिचे काय? आईबाप हयात आहेत, म्हणून कागदोपत्री ती कुणाचीच पालक नाही. हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती शाळेमार्फत चालतात. घरात चूल पेटवणारीच्या हाती काही पडत नाही.

१८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. नंतर बाबासाहेबांना आईची माया दिली ती मीराआत्याने. जयंतीच्या भाषणांत तिच्या वाट्याला एखादे वाक्य येते, तेही वेळ उरला तर.

लिंबाळे यांच्याविषयीही एक तक्रार आहे. त्यांचा सारा प्रश्न बापाकडे वळलेला. हे पोर आपल्याजवळ ठेवताना संतामायच्या मनात काय होते, याला पुस्तकात फार जागा नाही. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचे पोर' (१९९४) याच जिल्ह्यातले. आई नाचायला गेलेली, पोर आजोळी, जिजीच्या मायेवर. तिथे जिजी अधिक उभी राहते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून, बापाला थोडे बाजूला सारून, कुणीतरी वाचायला हवीत.